सपरीतली खाट

धनंजयने आईची खाट उचलली आणि बाहेर सपरीत, भिंतीलगतच्या पडवीत, नेऊन आदळली. देवकाबाई गोधडी छातीशी धरून दारातच उभी राहिली.

"बाबाले रातभर हलवून उठवतं तू. डॉक्टरनं आराम सांगितला नं? झोपू दे त्याइले."

"अरे, झोपेत दम अटकते त्याइचा. हलवलं का मंग घेतेत. दवाखान्यातच म्या म्हटलं होतं तुले, डॉक्टरले सांग म्हणून."

"घोरतेत ते. घोरणं काई बिमारी हाये का? काऊन डोकं खाऊन राह्यली?"

धनंजयला सगळंच कळायचं. सेलूच्या बाजारात वांगी कधी न्यायची हे कळतं, म्हणून बापाचा लकवाही आपल्यालाच कळतो, असा त्याचा समज. डॉक्टरसमोर तोच बोलायचा. आईने तोंड उघडलं की हाताने थांबवायचा.

आता रात्री तोच बापाजवळ झोपू लागला. दिवसभर शेतात राबलेला माणूस, पडल्या पडल्या गाढ व्हायचा. देवकाबाई मात्र सपरीत भिंतीला कान लावून पडायची. पलीकडचं घोरणं थांबलं की बत्त्याने भिंत ठोकायची. त्यावरूनही सकाळी धनंजय ओरडला, आणि सून रूपालीने मुकाट्याने बत्ता वर फळीवर ठेवून दिला. देवकाबाईच्या अंगाची आग आग झाली. मग ती मुठीने भिंत ठोकू लागली.

महादेवराव दिवसा पेंगायचे. चहा पिता पिता, बोलता बोलता मान खाली. लकव्याने गेलेल्या उजव्या हातात बळ यावं म्हणून रबरी चेंडू दिला होता. तो एकदोनदा दाबला की डोळे मिटलेच.

"मेहनतच करायची नाई याइले," धनंजय रूपालीला म्हणायचा. बाप ऐकतोय याचंही त्याला काही वाटायचं नाही.

त्या दुपारी चेंडू पुन्हा हातातून सुटला आणि घरंगळत दारापर्यंत गेला. महादेवराव खाटेवर उताणे, तोंड उघडं, घोरत होते. धनंजयचं टाळकं सरकलं.

"बाबा! सोंग नोका करू!"

घोरणं थांबलं.

"पाह्यलं? जागेच हायेत," तो रूपालीला म्हणाला आणि चेंडू उचलायला गेला.

परत आला तरी महादेवराव तसेच. पोट आत ओढलं जात होतं, पण तोंडातून वारा नव्हता. ओठ काळपट पडत चालले होते.

"बाबा?"

धनंजय खाटेवर वाकला. चेंडू टाकून त्याने बापाचे दोन्ही खांदे धरले आणि गदागदा हलवले. घशातून मोठा घरघराट आला. विहिरीत बुडी मारून वर आलेल्या माणसासारखा महादेवरावांनी दम घेतला, डोळे उघडले, मिटले. पुन्हा घोरणं सुरू झालं.

देवकाबाई दारात उभी होती.

"काऊन उठवलं?" ती म्हणाली. "डॉक्टरनं आराम सांगितला नं? झोपू दे त्याइले."

धनंजयला तिच्याकडे पाहवेना. नजर खाली गेली ती तिच्या मुठीवर. बोटांच्या पेरांची सालटी निघाली होती. तो सपरीकडे वळला आणि खाटेला हात घातला.

"ठेव," देवकाबाई म्हणाली. "माही खाट मी आणतो. तू वर्ध्याले जायाले गाडी पाह्य. अन् डॉक्टरसंग मी बोलीन. तू गप राह्यजो."