राजमतीच्या औषधाचा माठ

मी माठ बोलतोय. ज्या पोराच्या डोक्यात काही शिरत नाही, त्याला तुम्ही माझं नाव ठेवता हे मला ठाऊक आहे. माझ्या डोक्यात काही शिरत नाही हे खरंच आहे, कारण मला डोकंच नाही. आहे ते नुसतं पोट. पण त्या पोटात मी काय काय सांभाळलं ते ऐकलंत, तर पोरांना नाव ठेवताना जरा विचार कराल.

माझा जन्म खानापूरचा. मलप्रभेच्या काठची माती यमनाप्पा कुंभारानं तुडवली, मळली आणि चाकावर ठेवली. फिरता फिरता मला जी गुंगी आली ती अजून पुरती उतरलेली नाही. म्हणून माझं बोलणं थोडं पेंगुळल्यासारखं वाटलं तर राग मानू नका. भट्टीतून निघालो तेव्हा माझा रंग पक्का विटकरी झाला होता. यमनाप्पानं मला टिचकी मारून आवाज ऐकला आणि बायकोला म्हणाला, "ह्यो लई पाझरणार बघ. पाणी कसं गार देईल."

पाझरणं हाच आमचा धंदा. आतलं पाणी आमच्या अंगातून हळूहळू बाहेर येतं, वाऱ्यावर उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. माणसं घामाला वैतागतात, आम्ही घामावरच जगतो. बैलगाडीत गवतावर बसून बेळगावच्या बाजाराला निघालो तेव्हा मी एकच स्वप्न बघत होतो. कुणीतरी उन्हातून येईल, माझ्यातलं पाणी घटाघटा पिईल आणि 'हाश्श' करून खाली बसेल. मला ते 'हाश्श' ऐकायचं होतं.

पण मला घेतलं सुबराव डॉक्टरांनी. बेळगावातल्याच अनगोळात त्यांचा लहानसा दवाखाना होता. त्यांनी मला सावलीत ठेवलं आणि माझ्या पोटात पाणी न भरता नदीची वाळू भरली. वाळू भिजवली, तीत एक पितळी डबी रोवली, डबीत कापसात गुंडाळलेली एक इवलीशी बाटली ठेवली आणि वर झाकण घातलं. मी मनात म्हटलं, झालं, आपल्या नशिबी वेडा डॉक्टर आला.

तो वेडा नव्हता. त्या बाटलीत इन्शुलिन होतं. मधुमेह झालेल्या माणसाच्या अंगात साखर जिरत नाही, ती लघवीवाटे निघून जाते. तो खात राहतो आणि वाळत जातो, पाणी पीत राहतो आणि तहानलेलाच राहतो. लहान वयात हा रोग लागला की पूर्वी आईबापांनी नुसतं बघत बसायचं. मग हे औषध निघालं. ते समुद्रापलीकडून मुंबईला येई आणि तिथून रेल्वेनं आमच्याकडे. त्याला एकच गोष्ट सोसत नसे, ती म्हणजे ऊन. लष्करी कॅम्पातल्या गोऱ्या साहेबांकडे बर्फाच्या पेट्या होत्या. पण उचगावच्या शेतकऱ्यानं बर्फ कुठून आणायचा? डॉक्टरांना हाच प्रश्न स्वस्थ बसू देत नव्हता. बर्फ नसलेल्या घरात, भर उन्हाळ्यात, ओल्या वाळूच्या माठात हे औषध टिकतं का?

त्याचा तपास त्यांनी मोठ्या नेटानं केला. एकाच पेटीतून आलेल्या दोन बाटल्या घेतल्या. एक कॅम्पातल्या बर्फात ठेवली, एक माझ्या पोटात. खाटेवरच्या रोग्यांना काही दिवस तिकडचं औषध टोचायचं, काही दिवस माझं. कुणाला कधी कुठलं मिळालं, हे फक्त डॉक्टरांना ठाऊक असे. आणि अर्थातच मला, कारण झाकण माझंच उघडत.

मग काचेच्या नळीत निळं पाणी घेऊन त्यात रोग्याच्या लघवीचे थेंब टाकत आणि नळी दिव्यावर धरत. निळं निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटकरी झालं की डॉक्टरांचा चेहरा उतरे. तो तर माझाच रंग. पण त्या उन्हाळ्यात मला माझ्याच रंगाची भीती वाटू लागली. दुपारच्या शांततेत मी डोळे नसलेल्या अंगानं त्या नळीकडे बघत राही आणि स्वप्नातसुद्धा म्हणे, निळं राहा रे बाबा, निळं राहा.

त्याच उन्हाळ्यात राजमती आली. निपाणीकडच्या जैन घरातली मुलगी, नुकती वयात आलेली, पण अंगावर मूठभर मांस नव्हतं. वडील आप्पाण्णा, तंबाखूची शेती करणारे. त्यांची थोरली बहीण पद्मावती बरोबर आली होती. ती लवकर विधवा होऊन माहेरी परतली होती आणि राजमतीची आई गेल्यावर तिनंच पोरीला वाढवलं होतं. घरदार तिला आक्का म्हणे. न्हाणीत लघवीला मुंग्या लागलेल्या पहिल्यांदा आक्कानंच बघितल्या होत्या.

डॉक्टरांनी सुई भरली तेव्हा आक्कानं विचारलं, "डॉक्टर, ह्यात काय असतंय?"

डॉक्टरांना खोटं बोलता येत नसे. ते म्हणाले, "जनावराच्या पोटातल्या ग्रंथीतून काढतात."

ज्या घरात पाणी कापडानं गाळल्याशिवाय पीत नाहीत, दिव्यावर येणारा किडा मरू नये म्हणून दिवस मावळल्यावर तोंडात घास घालत नाहीत, त्या घरातली ही माणसं. आप्पाण्णा जमिनीकडे बघत उभे राहिले.

"न्हाय दिलं तर?" आक्कानं विचारलं.

"पोरगी राहणार नाही."

आक्कानं खाटेवर डोळे मिटून पडलेल्या राजमतीकडे बघितलं. तिचे ओठ कोरडे पडून फुटले होते. "मग द्या," आक्का म्हणाली. "ह्याचं जे काय पाप असंल ते माझ्या माथ्यावर. आजपासनं मी गूळ सोडला. मरंपतोर."

त्यांच्यात अशी रीत आहे. एखादा रस, म्हणजे तूप, मीठ, गूळ असं काहीतरी जन्मभरासाठी सोडायचं. आक्कानं नेमका गूळ सोडला, आणि गूळ म्हणजे तिचा जीव की प्राण. गुऱ्हाळ लागलं की काहिलीतला पहिला ऊन गूळ तिच्या तळहातावर पडायचा, असं आप्पाण्णा पुढे कधीतरी सांगत होते. आक्का गूळ सोडत होती तेव्हा सगळ्यांना वाटलं राजमती झोपली आहे. ती झोपली नव्हती. ती सगळं ऐकत होती, आणि ते फक्त मला दिसत होतं.

उन्हाळा सरला. डॉक्टरांनी बर्फाच्या दिवसांच्या नळ्या आणि माझ्या दिवसांच्या नळ्या ताडून बघितल्या. फरक नव्हता. ते माझ्याजवळ उकिडवे बसले, माझ्या पोटावर हात ठेवला आणि एकटेच हसले. त्या दिवशी मला माठ म्हणवून घेण्याचा जो अभिमान वाटला तो कुणा राजाच्या सुरईलाही वाटला नसेल. औषध टिकत होतं. आता रोग्यांना माठ घेऊन आपापल्या गावी जाता येणार होतं.

मी राजमतीबरोबर निपाणीला निघालो. निघताना डॉक्टर आक्काला म्हणाले, "औषध टोचलं की जेवण चुकवायचं नाही. चुकलं तर साखर फार खाली जाते. अंग ह्या माठासारखं गार आणि ओलं लागलं की ताबडतोब गूळ द्या. मला विचारायला थांबू नका."

"व्हय," आक्का म्हणाली. गूळ म्हटल्यावर तिची नजर क्षणभर हलली, एवढंच.

निपाणीतले माझे दिवस सुखाचे होते. खोलीच्या गार कोपऱ्यात, तंबाखूच्या वासात मी डुलक्या घेत असे. रोज सांजेला आक्का बस्तीतून येई. जैनांच्या देवळाला तिकडे बस्ती म्हणतात. ती माझी वाळू भिजवी, मग तळहात माझ्या पोटावर ठेवून गारवा बघे. राजमती सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी सुई घेई, लगेच जेवे, आणि हळूहळू तिचे गाल भरू लागले. ती शाळेतही जाऊ लागली. मला वाटलं, आता असंच स्वप्नात आयुष्य जाईल.

मग भाद्रपदातली अनंत चतुर्दशी आली. घरात सगळ्यांना उपास. आक्कानं सकाळी राजमतीला समोर बसवून, भाकरीचा शेवटचा तुकडा पोटात जाईपर्यंत जेवू घातलं. संध्याकाळी आक्का आणि आप्पाण्णा बस्तीत गेले. राजमतीनं नेहमीसारखी माझ्यातून बाटली काढली, सुई घेतली. मग ताटातली भाकरी उचलली, गोठ्यात नेली आणि गाईपुढे ठेवली.

मी ओरडू शकत असतो तर ओरडलो असतो. तिला वाईट काही करायचं नव्हतं. आपल्या सुईपायी आक्कानं जन्माचा गूळ सोडला, ते तिला आत टोचत होतं. आपणही आक्कासाठी वर्षातला हा एक उपास, निदान अर्धा तरी, धरावा असं तिच्या भाबड्या मनानं घेतलं होतं. ती माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसली आणि दिवस मावळत गेला. तिचे हात थरथरू लागले. मग तिला घाम फुटला, आणि मला कळलं. घाम मला कळणार नाही तर कुणाला? पण माझ्या घामानं औषध जगत होतं, आणि तिच्या घामात ती विझत चालली होती.

दिवेलागणीला आक्का आली. हातात गंधोदकाची वाटी होती, देवाच्या अभिषेकाचं पाणी, कपाळाला लावायला आणलेलं. आधी तिनं रोजच्यासारखा माझ्या पोटावर तळहात ठेवला. मग बोटं वाटीत बुडवून राजमतीच्या कपाळाला लावली, आणि तिचा हात तिथंच थांबला. कपाळ माझ्याइतकंच गार होतं, माझ्याइतकंच ओलं.

वाटी खाली ठेवून आक्का आत धावली आणि गुळाचा खडा घेऊन आली.

"राजमती, तोंड उघड गं. गूळ हाय."

राजमतीनं मान हलवली. तिचं बोलणं जड झालं होतं. "मावळलंय, आक्का."

"मावळू दे. खा."

"तू माझ्यापायी सोडलाईस. आज न्हाय खायाची मी." आणि तिनं दात घट्ट मिटून घेतले.

आक्का तिच्यासमोर तशीच बसून राहिली. बस्तीत घंटा वाजत होती. जन्मात दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही न घेतलेली ती बाई, त्या दिवशी सकाळपासून निराहार. तिनं हातातल्या खड्याकडे बघितलं, तो फोडला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला आणि चावला. मग पोरीची हनुवटी धरून तिला आपली जीभ दाखवली.

"बघ. मावळल्यावर खाल्ला. माझा उपास गेला, नेम गेला, सोडल्याला गूळबी गेला. आता तू कुणासाठी धरून बसलीयास? उघड तोंड."

राजमतीनं तोंड उघडलं.

आक्कानं गूळ तिच्या जिभेवर ठेवला, थोडा विरघळू दिला, मग पुन्हा थोडा ठेवला. आप्पाण्णा बस्तीतून आले तेव्हा त्यांनी दिवस मावळल्यावर बहिणीच्या ओठाला लागलेला गूळ बघितला. ते आत जाऊन पाणी घेऊन आले, आणि तशा घाईतसुद्धा ते गाळूनच आणलं. पाणी पिऊन राजमतीनं डोळे नीट उघडले, मोठा श्वास सोडला आणि डोकं माझ्या पोटाला टेकलं. मी खानापूरपासून ज्या 'हाश्श'ची वाट बघत होतो, ते मला तिथं ऐकू आलं. त्यात माझ्या पाण्याचा थेंब नव्हता, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आक्का बस्तीत गेली. तिथं ती देवाला काय म्हणाली ते मला माहीत नाही. घरी येऊन भावाला म्हणाली, "मोडला तो मोडला. आजपासनं परत धरला." त्यानंतर तिनं आजतागायत गुळाला हात लावला, पण जीभ लावली नाही.

हे सुबराव डॉक्टरांच्या कानावर गेलं. तेव्हापासून नवा रोगी आला की ते आधी विचारत, "तुमच्यात उपास कुठले कुठले?" कुणी शहापूरचा विणकर सोमवार सांगे, कुणी चतुर्थी सांगे, आणि त्या त्या दिवशी काय खायचं, औषध किती घ्यायचं, हे डॉक्टर बोलून ठरवत. औषध माठात टिकतं का, हे त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं होतं. ते घरात कसं टिकवायचं, हे आक्कानं शिकवलं असं ते म्हणत.

आता मी म्हातारा झालो. पाण्यातला क्षार माझ्या अंगात बसला, भोकं बुजली, घाम आटला. परवा गावात स्वतंत्र देशाचा नवा झेंडा चढला, तेव्हा राजमती शाळेतल्या मुलींना रांगेनं घेऊन गेली होती. ती तिथं शिकवते आता. तिच्या औषधासाठी कोपऱ्यात खानापूरचाच नवा माठ आला आहे, चांगला पाझरतो. तो आला त्या दिवशी मला वाटलं, आपली रवानगी उकिरड्यावर. मी मुकाट्यानं मातीची स्वप्नं बघू लागलो होतो.

आक्कानं माझ्या आत हात फिरवला आणि म्हणाली, "कोरडा ठणठणीत हाय की. गुळाला बरा."

तेव्हापासून माझ्या पोटात गूळ असतो. ज्या बाईला तो खायचा नाही, तीच बाजारातून चांगली ढेप पारखून आणते, फोडते आणि मला भरून ठेवते. मुंग्या येतात, आक्का बोटानं त्यांना अलगद बाजूला सारते. राजमती जाता येता एक हात नव्या माठावर ठेवते आणि तोच हात आपल्या कपाळाला लावून बघते. दोन्हींत फरक लागला की निश्चिंत होऊन कामाला लागते.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी सुई घेऊन भिंतीला टेकून बसलं असेल, आणि त्याचं कपाळ माठासारखं गार लागलं, तर माझ्यात हात घाला. आज तिथी कुठली, हे नंतर विचारा.