पडद्यावरची थरथर

रामदासपेठेतल्या विणकर सोसायटीच्या कचेरीत त्या दुपारी मुंगीलाही शिरायला वाव नव्हता. सत्त्याऐंशीचा मे. खिडकीतल्या कूलरला खेटून नवा कंप्यूटर ठेवलेला. त्याच्या पडद्यावरची हिरवी अक्षरं लाटेसारखी थरथरत होती, आणि समोर पाटावर दिवेबाबा बसले होते.

"कूलर बंद करा! ज्योत हलली की आत्मा बिथरते!"

शिपाई रुपरावांनी बटण दाबलं. बाबांनी तुपाचा दिवा लावला, डोळे गरगर फिरवले. "ॐ मॉनिटराय शांतिः!" ओवाळून होईपर्यंत अक्षरं जागच्या जागी उभी! गर्दीने हात जोडले.

दाराशी शामला उभी होती; दुपारी या कंप्यूटरवर तीच बसायची. नवरा वसंत गेला, त्याच्या जागी तिला इथे नोकरी मिळाली. घरात दोन लेकरं, सासू आणि हाच एक पगार.

"वसंता आत अडकला आहे," बाबा म्हणाले. "सकाळच्या पाळीत कारकून विश्वनाथ बसते, तवा काही होत नाही. दुपारी बायको बसली की तो तडफडते. हलवा हिले, नाहीतर सोसायटी बुडन!"

अध्यक्ष मनोहरराव जमिनीकडे बघत बोलले, "शामलाबाई, उद्यापासून नका येऊ. मले वाईट वाटून राहिलं, पण लोक ऐकत नाहीत."

 शामलालाही ते खरं वाटलं होतं. कितीतरी दुपारी तिने थरथरत्या पडद्याला हळूच सांगितलं होतं, "आईंचा खोकला कमी आहे हो."

दिवा विझवला गेला. उकाड्याने हैराण झालेल्या कोणीतरी कूलर लावला. अक्षरं पुन्हा थरथरली.

"मी तर इथं दाराशी आहे," शामला म्हणाली.

ती गर्दीतून वाट काढत बटणापाशी गेली. तिथे तिचा हात अडखळला. पडदा शांत झाला, तर वसंत दुसऱ्यांदा जाणार होता.

तिने बटण दाबलं. अक्षरं थांबली. पुन्हा लावलं, थरथरली. मग रुपरावांच्या मदतीने टेबल समोरच्या भिंतीशी सरकवलं. कूलर घरघरत राहिला, अक्षरं हलली नाहीत.

कूलरच्या मोटारीभोवती चुंबकाचा जोर असतो. पडद्यावर अक्षरं उमटवणारा किरण त्याने डगमगतो. सकाळी कूलर बंद असे, दुपारी चालू. यंत्र तापू नये म्हणून सगळ्यांनी मिळूनच ते तिथे ठेवलं होतं.

"आत्मा आता कूलरात गेला!" बाबा ओरडले.

"मंग त्याले ओवाळा न जी," रुपराव म्हणाले, "पण कूलर बंद न करता."

बाबांनी पाट तिथेच सोडला आणि चपला शोधल्या.

"बसा शामलाबाई," मनोहरराव पुटपुटले.

ती बसली. मघाशी जोडलेले हात आता कोणी खिशात, कोणी पदराआड लपवत होतं. पडद्यात वसंत नव्हता, कधीच नव्हता. तिने डोळे पुसले.

"पुढच्या खेपेस हात जोडायच्या आधी एकदा बटण दाबून पाहत जा जी," ती म्हणाली. "तुमच्या नमस्कारापायी आज माह्या लेकरायची भाकर जात होती."