'टँकर आला'

मित्रांनो, मी एक जुनी शेल स्क्रिप्ट आहे. नावाला घाबरू नका. संगणकाने एकामागून एक काय करायचे, ते सांगणाऱ्या हुकमांच्या काही ओळी म्हणजे मी. मला चाक नाही, पाते नाही, त्यामुळे दसऱ्याला संगणकाला हळदकुंकू लागले तरी माझी आठवण कुणाला झाली नाही. याचा मला थोडा राग आहे, तो आधीच सांगून टाकते.

माझा जन्म खुलताबादच्या डोंगराखालच्या एका गावात, तनुजाच्या घरी झाला. तनुजा रोज बसने वाळूजला जाई आणि एका कारखान्यात संगणकावर काम करी. ती दुष्काळाची वर्षे होती. शहर वाढत होते, नव्या इमारतींच्या गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या चढत होत्या आणि आमच्या गावाला टँकर येत होता. टँकर गावविहिरीत रिकामा होई आणि बायका दोर-बादलीने पाणी शेंदून घेत. टँकर अर्धाच भरून येतो, अशी गावाची तक्रार होती. ठेकेदार म्हणे, पुरावा दाखवा.

म्हणून तनुजाने विहिरीसमोरच्या कडुलिंबाच्या बुंध्याला एक जुना मोबाइल बांधला. टँकर आला की तिची चुलती आवडाबाई पदराने मोबाइलची काच पुसून तो चालू करी. संध्याकाळी तनुजा स्वतः तो व्हिडिओ इंटरनेटवर चढवी. प्रत्येक व्हिडिओला नाव द्यावे लागे, आणि नाव द्यायचे तर आधी तो पाहावा लागे. आवडाबाई शेजारी बसून नाव सुचवी.

"लिही, आज अर्धाच आला. आन् डायवर लई माजलाय, ते बी लिही."

"काकू, तसं नाय लिहिता येत."

"का नाय? खरंय ते."

पण गावातले नेट मध्येच तुटे आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून चढवावा लागे. तनुजा दमून जाई. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तिने मला लिहिले. मोबाइलमधला व्हिडिओ संगणकावर आला की मी तो उचलायचा, त्याला 'टँकर आला' हे नाव आणि तारीख द्यायची आणि चढवून मोकळे व्हायचे. नेट तुटले तर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. मी न कुरकुरता हे सगळे करू लागले.

"लई गुणाची हाय ही," आवडाबाई म्हणाली. "खात नाय, पीत नाय, आन् कामाला नाय म्हणत नाय."

मित्रांनो, मी फुगून गेले. असे कौतुक पुन्हा कधी माझ्या वाट्याला आले नाही.

पुढे तनुजाचे कारखान्यातले काम वाढले. व्हिडिओ चढत आहेत म्हटल्यावर ते उघडून बघावे, असे कुणालाच वाटेना. आवडाबाईचे संध्याकाळचे येणेही थांबले. पुरावा जमतो आहे, या भरवशावर गाव स्वस्थ बसले आणि ठेकेदाराकडे जायचे लांबत गेले. माझ्या व्हिडिओंखाली बघणाऱ्यांचा आकडा शून्यच राहिला. एवढे राबून कुणी ढुंकून पाहू नये, याचे मला वाईट वाटे.

वैशाखातल्या एका दुपारी टँकर विहिरीत पाणी सोडत होता. बायका कठड्याला रेटून बादल्या टाकत होत्या. तेवढ्यात कठड्याचा एक भाग आत कोसळला आणि त्याच्याबरोबर आवडाबाई गेली. तळाला पाणी थोडे आणि खडक फार. तिला वर काढले तेव्हा तिच्यात जीव नव्हता.

तो व्हिडिओही माझ्याकडे आला. मी त्याला 'टँकर आला' हे नाव दिले, तारीख घातली आणि चढवला. मला दुसरे काही येत नव्हते. तो व्हिडिओ मात्र गावोगावी आणि शहरभर पाहिला गेला.

तेराव्यानंतर आवडाबाईचा नवरा कारभारी मेंढरे कोंडून तनुजाकडे आला.

"त्यो नको लावू," तो म्हणाला. "आधीचे लाव. चालती-बोलती बघायचीय मला."

तनुजाने जुने व्हिडिओ एकेक लावले. प्रत्येकाच्या सुरुवातीला आवडाबाईचा चेहरा अगदी जवळ येई, पदर काचेवरून फिरे, मग ती वळून विहिरीकडे चालू लागे. कारभारी डोळे न हलवता बघत राहिला. एकदा तिचा चेहरा बाजूला झाला, आणि त्याने पडद्यावर बोट ठेवले.

"थांबव. कठड्याला ही चीर बघ."

पुढच्या व्हिडिओत ती चीर रुंद होती. त्याच्या पुढच्यात तिथला एक दगड बाहेर आला होता.

"हे तर कवाचं दिसतंय, बाई," कारभारी म्हणाला. "तू बघत नव्हतीस व्हय?"

"नाना, ते आपोआप चढत होते," तनुजा म्हणाली आणि रडू लागली.

कारभारी तिला रागावला नाही. त्याने पुढचा व्हिडिओ लावायला सांगितला.

मित्रांनो, माझ्यासारखीला खुशाल कामाला लावा. सांगाल ते मी मोडेपर्यंत करीन. पण मी काय उचलून नेते ते दिवसातून एकदा तरी कुणीतरी उघडून बघत जा. मला त्यात फक्त टँकर आला एवढेच कळते, आणि तिथे तुमचे माणूस उभे असते.