घरामागचा झरा

परवाना विभागातल्या साहेबांना ऑफिसात सगळे मागून ‘उद्यासाहेब’ म्हणत. नदीवरच्या जलविद्युत प्रकल्पाची मुदत संपत आली की कंपनीचा इंजिनीअर अर्ज घेऊन यायचा आणि साहेब आढेवेढे न घेता बांधकामाला मुदतवाढ देऊन टाकायचे. या धरणाआधी आपल्याला पणतू होतील, असं शिपाई म्हणायचा.

साहेबांच्या मनातलं मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. वीजघरासाठी ठरलेल्या जागेवरच त्यांच्या धाकट्या बहिणीचं घर होतं. काम सुरू झालं की ते घर जाणार. म्हणून सही झाली रे झाली की ते तिला फोन करत.

काम सुरू केल्याचं दाखवायला कंपनीने नदीत, बहिणीच्या घराच्या वरच्या अंगाला, मातीचा तात्पुरता बांध घातला होता. असा बांध म्हणजे नदीला थोपवायला पुढे केलेला हात. पक्कं धरण होईपर्यंत, एखाद्या हंगामापुरताच. हात फार वेळ पुढे धरला की भरून येतो, थरथरू लागतो. या बांधावर आता झुडपं माजली होती आणि मागे पाणी तुंबलं होतं. मुदत वाढवताना त्याचं काय, हे कधी कुणी विचारलं नाही. साहेबांनीही नाही.

त्या दुपारीही सही झाली, शिक्का बसला. चहा आला. खुशीत येऊन साहेब बांधाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या बहिणीचं कौतुक सांगू लागले. बाई नशीबवान, घराच्या मागेच झरा लागलाय, आता लांबून पाणी आणायला नको. हल्ली फडक्याने गाळून घ्यावं लागतं, एवढंच.

इंजिनीअरने कप खाली ठेवला.

“गाळून? म्हणजे गढूळ येतंय?”

“चार दिवस झाले. का हो?”

“साहेब, बांधातून स्वच्छ पाणी झिरपलं तर चालतं. गढूळ आलं तर ते आतली माती घेऊन येतंय, बांध पोकळ होतोय.” मग तो हळूच म्हणाला, “ताईंना तिथून हलवा. आत्ता.”

साहेबांनी फोन लावला. आहेस तशी बाहेर पड, वर टेकडीवर जा, असं त्यांनी दोनदा सांगितलं. बहीण हसली. मुदत वाढली का ते आधी सांग म्हणाली. मुदतवाढीच्या भरवशावर तिने नवी खोली काढली होती, फरशी अजून ओली होती.

“ऐक माझं,” साहेब म्हणाले.

“थांब रे दादा. वरून कसली तरी घरघर येतेय. कंपनीचे ट्रक असावेत. तू तर म्हणाला होतास, यायचे नाहीत म्हणून?”

ट्रक नव्हते ते. ट्रक येऊ नयेत म्हणून तर साहेबांनीच सही केली होती.

घरघर आता फोनमधून त्यांनाही ऐकू येऊ लागली.