हेलिकॉनची जकात

मित्रांनो, मला हेलिकॉन म्हणतात. मी पितळेचा आहे, म्हातारा आहे आणि मला उचलायला धट्टाकट्टा माणूस लागतो. माझी जाड नळी वेटोळं घालून वादकाच्या अंगाभोवती फिरते आणि त्याच्या डाव्या खांद्यावर माझं तोंड परातीएवढं उघडतं. बँडमध्ये ट्रम्पेटवाले वर गिरक्या घेत असतात. त्यांच्या पायाखालची जमीन म्हणजे मी.

माझा जन्म चेक देशातल्या एका डोंगराळ गावात झाला. नळी वाकवताना चुरगळू नये म्हणून कारागिराने माझ्या पोटात वितळलेली राळ ओतली, ती थंड होऊ दिली, मला वाकवलं आणि पुन्हा तापवून राळ काढून घेतली. तिथून मी कोळसा खाणीच्या बँडमध्ये गेलो. वोयतेख नावाचा खाणकामगार मला वाजवायचा. मिरवणुकीत मी पुढे, आणि माझ्या तोंडात आपला चेहरा उलटा दिसतो म्हणून पोरं माझ्या मागे. फार कौतुक झालं माझं. मग खाण बंद पडली, बँड मोडला आणि काही वर्षांनी वोयतेखही गेला. त्याच्या बायकोने, बोझेनाबाईंनी, मला परसातल्या खोपटात ठेवलं. वाईट मनाने नव्हे. घरात बघवत नव्हतं त्यांना. तिथे एका कोंबडीने माझ्या तोंडात गवत भरून अंडी घातली. ज्याच्या आवाजाने खिडक्या हलायच्या, तो मी खुराडं झालो.

अशा वेळी त्रायको आला.

त्रायको दक्षिण सर्बियातल्या एका खेड्यातला. त्याचा भाचा स्वेतोमिर याच्या बँडमध्ये तो हेलिकॉन वाजवायचा. एका वळणावर गाडीचं मागचं दार उघडलं, त्याचं वाद्य रस्त्यावर पडलं आणि मागून आलेल्या ट्रकने त्याची पत्रावळ केली. तेव्हापासून त्याच्या हातात झांजा आल्या. खालचा सूर गेला तशी बँडची आमंत्रणंही कमी झाली. त्याची मुलगी यागोदा हिचं लग्न ठरलं, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, माझी वरात काय झांजांवर काढणार?" ती हसत म्हणाली, पण त्रायकोला ते लागलं.

लग्नाच्या आठवड्यातच बँडला व्हिएन्नातल्या एका सर्बियन लग्नाचं काम मिळालं. तिथला चेक आचारी बोझेनाबाईंच्याच गावचा; त्याने त्रायकोला त्यांचा पत्ता दिला. सगळे गाडी घेऊन तिकडे आले. त्रायकोने आपल्या वाट्याचे सगळे पैसे बाईंच्या हातावर ठेवले. त्यांनी मला पदराने पुसावं तसं अंगावरच्या एप्रनने पुसलं आणि एवढंच म्हणाल्या, "थंडीत बाहेर ठेवू नका त्याला."

परतीच्या वाटेवर त्रायको माझ्या अडकलेल्या कळांना तेल घालत बसला. मला फुंकायची मात्र त्याला परवानगी नव्हती. गाडी त्याची बायको विदोसावा चालवत होती. ती म्हणाली, "इथे वाजवलंस तर तुला आणि त्याला दोघांना उतरवीन. मला अजून दोन देश चालवायचेत."

शनिवारी दुपारी आम्ही सर्बियाच्या सीमेवर पोचलो. ऑगस्टचं ऊन. जर्मनी-ऑस्ट्रियात नोकरी करणारी माणसं सुट्टीला गावी निघालेली. गाड्यांची रांग टेकडीपलीकडे गेलेली. जकात अधिकारी होत्या ल्युबिंकाबाई. देशाबाहेर जाताना बँडच्या वाद्यांची नोंद झाली होती. त्यांनी वाद्यं मोजली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हा गृहस्थ जाताना नव्हता."

स्वेतोमिर पुटपुटला, "मामा, आजोबांचा आहे म्हण. नोंदवायचा राहिला म्हण."

"तुझ्या आजोबांनी जन्मभर क्लॅरिनेट वाजवलं," त्रायको म्हणाला. मग बाईंकडे वळला. "विकत घेतलाय. उद्या मुलीचं लग्न आहे."

मला जकातीच्या शेडमध्ये नेलं, जमिनीवरच्या पिवळ्या रेषेच्या आत. बाईंनी माझे पोचे पाहिले, कळा दाबल्या.

"वाजतो का?"

कुणाला ठाऊक? वाजवलाच कुठे होता?

"हे बघा काका," बाई सावकाश म्हणाल्या, "वाजत असेल तर हे वाद्य. वाद्याची किंमत धरायची, त्यावर जकात, त्यावर कर. साठ हजार दिनारच्या आसपास जाईल. वाजत नसेल तर मी भंगार पितळ लिहिते. वजनावर भरा आणि जा. तुम्हीच फुंकून दाखवा. मी ऐकते आणि जे ऐकू येईल ते लिहिते."

एवढं बोलून त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांनी सुटकेचं दार किलकिलं करून दिलं होतं, हे माझ्यासुद्धा लक्षात आलं. बँडकडे पेट्रोलपुरते पैसे उरले होते. नाही भरले तर मी सोमवारपर्यंत तिथेच, आणि लग्न रविवारी.

"मामा," स्वेतोमिर कळवळून म्हणाला, "फुसकन सोड हवा. एकदाच."

त्रायकोने मला खांद्यावर घेतलं. त्याचा खांदा मला नेमका बसला. त्याने ओठ लावले आणि थांबला. मी त्या क्षणी लाजेने विरघळत होतो. भंगार म्हणवून घेऊन सुटका होणार होती, आणि ती मला हवीशीही वाटत होती. हे कबूल करायला हवं.

मग त्याने श्वास घेतला, पार कमरेपासून, आणि फुंकला.

आधी गवत उडालं. मग कोंबडीचं एक पीस बाईंच्या टेबलावर जाऊन पडलं. आणि त्यामागून माझा सूर आला. खालचा, रुंद, गोल. शेडचा पत्रा घुमला. त्रायको थांबलाच नाही. लग्नातल्या नाचाची चाल त्याने सुरू केली आणि अख्खी वाजवली; त्याच्या गालांवरून घाम वाहत होता की आणखी काही, ते मला दिसलं नाही.

बाईंनी पीस उचलून बाजूला ठेवलं. "हे भंगार नाही."

"नाही," त्रायको म्हणाला. "मला तसं म्हणता आलं नाही हो."

त्यांनी वाद्य असं लिहिलं आणि आकडा मांडला. स्वेतोमिर डोकं धरून पायरीवर बसला. आता विदोसावा नवऱ्याला फाडून खाणार, असं सगळ्यांना वाटलं. ती भाच्याला म्हणाली, "रडायचं नंतर. ट्रम्पेट काढ."

"मामी, इथे?"

"मग कुठे? बाहेर हजार माणसं उन्हात बसलीत आणि एकालाही लग्नाला उशीर झालेला नाही."

बाई म्हणाल्या, "वाद्य रेषेच्या आत राहील. आत उभं राहून वाजवू नये, असा नियम मला तरी माहीत नाही."

आणि मग, मित्रांनो, बँड बाहेर उन्हात आणि आम्ही दोघं शेडच्या सताड उघड्या दारात, पिवळ्या रेषेमागे. स्वेतोमिरच्या ट्रम्पेटने साद घातली, मी खालून आधार दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर कुणीतरी उभं होतं. गाड्यांची दारं उघडली. लिंझहून आलेल्या एका आजींनी चपला काढल्या आणि हात धरून माणसं गोल करून नाचू लागली. घोळका रेषेपर्यंत आला. आजींनी हात लांबवून एक नोट त्रायकोच्या घामेजल्या कपाळावर चिकटवली, बँडवाल्याला अशी बक्षिसी द्यायची सर्बियात रीतच आहे. एक धिप्पाड तुर्की ट्रकवाला आला, त्याने माझ्या तोंडात वीस युरो टाकले आणि म्हणाला, "अजून जोरात. माझा भाऊ मागे सातव्या ट्रकमध्ये आहे." मग नोटांचा पाऊसच पडला. माझा सूर बसायला लागला, तेव्हा कळलं की पोट भरलं.

विदोसावाने माझ्या पोटातून नोटा काढून शेजारच्या खिडकीत बदलून घेतल्या आणि पूर्ण जकात, पूर्ण कर, टेबलावर ठेवला. बाईंनी शिक्का मारला, पावती त्रायकोच्या हातात दिली आणि चष्मा काढला.

"आता माझ्यासाठी एक वाजवा. आधी मागितलं असतं तर ती लाच झाली असती."

त्रायको रेष ओलांडून बाहेर आला. मी देशात आलो तो असा, वाजत गाजत, पुढच्या दाराने.

माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. घरात एखादी बासरी, एखादी पेटी गप्प पडली असेल तर ती पुसा, कोरड्या जागी ठेवा आणि तिला वाजवणारं माणूस शोधा. स्वतः शिकलात तर फारच उत्तम. आम्हाला पोचे सोसतात. मुकं राहणं सोसत नाही.

रविवारी सकाळी आम्ही गावाच्या कोपऱ्यावरूनच वाजवत निघालो. यागोदा आत केसांत फुलं माळून घेत होती. तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. विदोसावा नंतर सांगत होती, की आधी टेबलावरचे पेले किणकिणले, मग खिडकीची काच थरथरली. पोरगी डोक्यावरचा हात तसाच ठेवून ऐकत राहिली आणि म्हणाली,

"बाबा आले."