पितराचं ताट

रंगुबाईने पाटापुढचं ताट तिसऱ्यांदा उचलून बाजूला सरकवलं. पत्र्यातून गळणारं पाणी मेलं नेमकं पुरणपोळीवरच पडायला बघत होतं. बाहेर वळीव पिसाळला होता, लाईट केव्हाच गेली होती आणि भर दुपारी सून दीपा चिमणी धरून उभी होती.

"बसा भाऊजी," रंगुबाई म्हणाली. "हितं न्हाई गळत."

कारभारी ओल्या कपड्यांनिशीच पाटावर टेकला. अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने कुणाला तरी पितर म्हणून जेवू घालायचं आणि तो पोटभर जेवून उठेपर्यंत घरात कुणी घास घ्यायचा नाही, अशी रीत. रंगुबाईचे यजमान काकासाहेब गेल्यानंतरची ही पहिलीच अखिती. कारभारी आणि ते दोघेही वायरमन, वीस वर्षं एकाच शिडीवर काढलेले. त्यामुळे पितर कोण, हा प्रश्नच नव्हता.

रंगुबाई पहाटेपासून चुलीपुढे होती. दमली होती, पण ती काही एका दिवसाची दमणूक नव्हती. लग्न झाल्यापासून हेच चाललं होतं. तिने सणाचं ताट वाढायचं, वारा सुटायचा, लाईट जायची, दारात कुणीतरी हाक मारायचं आणि काकासाहेब हात धुऊन निघायचे. ती ताटावर परात पालथी घालून वाट बघत बसायची. गेल्या ज्येष्ठात, ब्याण्णव साली, ते तसेच गेले, आणि खांबावरून त्यांना खाली उतरवावं लागलं. परातीखालचं ताट तिसऱ्या दिवशी शेजारणीने उचललं.

कारभारीने पोळीचा तुकडा रसात बुडवला, तोच दार वाजलं. डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला छगन उभा होता.

"कारभारीनाना हायेत ना? डीपीवरचा फ्यूज गेला. पाटलाच्या मांडवात लाऊडस्पीकर बंद पडलाय, मंगलाष्टका थांबल्यात."

कारभारीने हातातला घास खाली ठेवला.

"वहिनी, जाऊन येतो. पाचच मिन्टं."

ही पाच मिनिटं रंगुबाईला पाठ होती. तिचा हात आपोआप भिंतीशी टेकवलेल्या परातीकडे गेला. परात उचललीही तिने. मग थांबली, आणि ती दीपाच्या हातात देऊन म्हणाली,

"ही आत ठिव."

पदर खोचून ती दारात गेली.

"छगन, पितर जेवत्यात. जेवल्याबिगर उठत नसत्यात."

"पर मावशी, नवरदेव खोळंबलाय..."

"खोळंबू दी. मंगलाष्टका तोंडानं म्हना. माज्या लग्नात कुटं हुता लाऊडस्पीकर?"

तिने दार लावून कडी घातली. एवढं बोलायला इतकी वर्षं लागली, याचा तिला राग आला आणि रडूही आलं. दीपाने चिमणी उगाच दुसऱ्या हातात घेतली.

कारभारी पुन्हा जेवू लागला. त्याने कुरडई संपवली, पोळी संपवली, वाटी बोटाने पुसून घेतली. मग वर न बघताच ती पुढे सरकवली.

"वहिनी, रस हाय का अजून?"

त्या पाटावरून दुसरी वाटी तिच्याकडे कधी कुणी मागितली नव्हती. रंगुबाईने पातेलं जवळ ओढलं.

"हाय की," ती म्हणाली. "लई हाय. सावकास जेवा."