अक्षदाचे वाळे

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो, आणि माझी गोष्ट काही अभिमानाने सांगण्यासारखी नाही. १९९४ साली, तबकडी अजून चकचकीत असताना, मी खोडदजवळच्या एका वस्तीवर अंगणवाडीत आलो. सेविका जानकाबाईंनी मला तुळईला टांगलं. महिन्यातून एकदा माझ्या हुकाला झोळी लावायची, तिच्यात बाळ ठेवायचं आणि माझा काटा दाखवील तसा कार्डावर ठिपका द्यायचा. ठिपका खालच्या रेषेखाली गेला, की बाळाला दुप्पट सुकडी आणि डॉक्टरांची तपासणी, दोन्ही फुकट.

आमच्याकडे रेषेखाली फारसं कुणी नसे. पाहणीला आलेल्या मॅडम "छान!" म्हणत आणि मी हुरळून जाई.

अशात सात महिन्यांची अक्षदा आली. हातपाय काडीसारखे, पण पायात चांदीचे जाड वाळे, कमरेला साखळी. जानकाबाईंनी चांदी काढायला सांगितली, तर तिची आजी ठकूबाई बिथरल्या.

"मामानं घातलेली हाये ती. वरीस व्हईस्तवर काढायची न्हाई, ताई. दिष्ट लागंल पोरीला."

"ऱ्हाऊ द्या मग," जानकाबाई म्हणाल्या.

चांदी चांगली पाव किलो भरत होती. कार्डावरचा ठिपका रेषेच्या जरा वर पडला. आणखी एक बाळ वर, म्हणून मी खूश! तीन महिने हेच चाललं.

चौथ्या महिन्यात अक्षदा आलीच नाही. तिला न्यूमोनिया झाला होता. नारायणगावला खाजगी दवाखान्यात नऊ दिवस ठेवावं लागलं. पोर आधीपासूनच खंगलेलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. जानकाबाईंनी हे मदतनीसबाईंना माझ्याच खाली बसून, रडत सांगितलं. मला बोलता येत नाही, ही सबब झाली, मित्रांनो. मला कौतुक हवं होतं. त्याची लाज अजून जात नाही.

पुढच्या महिन्यात ठकूबाई तिला घेऊन आल्या. पाय मोकळे, कंबर मोकळी. चांदी दवाखान्याच्या बिलात गेली होती. त्यांनीच पोरीला झोळीत ठेवलं.

"आता काढायला काय ऱ्हायलं न्हाई, ताई. बगा खरं वजन."

या वेळी ठिपका रेषेच्या बराच खाली पडला. त्या दिवशी कुणी "छान" म्हटलं नाही. अक्षदाला मात्र दुप्पट सुकडी सुरू झाली.

आता मी गंजून फळीवर पडलो आहे. तुमच्या घरी बाळ असेल, तर वजनाआधी त्याच्या अंगावरचं सगळं उतरवा, एवढंच माझं मागणं. ठकूबाई तर नंतर दर महिन्याला अंगणवाडीच्या दारात बसायच्या. येणाऱ्या प्रत्येक बाळाचे वाळे काढायला लावायच्या आणि वजन होईपर्यंत आपल्या पदरात सांभाळायच्या.